भाड्याच्या घराची शाकारणी

१७ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या बाजूने गुजरातकडे सरकत होते. कुलाब्याला वाऱ्याने ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडला होता आणि मे महिना असूनही सांताक्रूझला चोवीस तासांत २०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. दुपारी माझा फोन वाजला. डोंबिवलीतला माझा फ्लॅट ज्या मुलीला भाड्याने दिला होता तिचा. "काका, हॉलच्या खिडकीतून पाणी आत येतंय. भिंत सगळी ओली झालीये आणि बोर्डातून चरचर आवाज येतोय. मेन स्विच कुठे आहे?"

मी पुण्यात भावाकडे बसलो होतो. फ्लॅट माझा, मालमत्ता कर मी भरतो, विजेचे मीटर माझ्या नावावर. पण मेन स्विच दाराच्या मागे होता की स्वयंपाकघरात, हे काही केल्या आठवेना. "थांब हं, सांगतो," असे म्हणून मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात घरातून फिरू लागलो. तेवढ्यात तिनेच मोबाइलच्या उजेडात तो शोधून काढला. चपलांच्या कपाटामागे. ते कपाट, घर 'फर्निश्ड' म्हणून देता यावे यासाठी, मीच सुताराकडून तिथे ठोकून घेतले होते. तिने एक फळी उचकटली आणि स्विच बंद केला. नुकसान झाले ते एका फळीचे.

ही पुस्तिका त्या फळीतून निघाली. मालक होण्याआधी मी ३४ वर्षे भाडेकरू होतो. गिरगावात पागडीच्या खोलीत, मग कुर्ल्यात तळमजल्यावर, मग ठाण्यात अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर. प्रत्येक पावसाळ्यात मालकाच्या नावाने बोटे मोडली. स्वतः मालक झालो आणि दोनच वर्षांत त्याच्या शेजारी जाऊन बसलो. तेव्हा कळले की यात कोण माणूस चांगला नि कोण वाईट हा प्रश्न दुय्यम आहे. मुळात व्यवहाराची घडीच अशी आहे की पावसाची काळजी कोणाच्याच वाट्याला येत नाही.

माझ्या आजोळी, रत्नागिरी जिल्ह्यात, वैशाख लागला की घर शाकारायला माणसे यायची. कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वाळवी लागलेली रीप बदलायची, कोन्यांमधला पाचोळा झाडायचा, पन्हळ साफ करायची. पावसाची झड आत येऊ नये म्हणून पडवीला नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधायचे. तोवर आजीची आगोटीची बेगमी चालू असे: मीठ, मिरची, कडधान्ये, सुकी मासळी, माळ्यावर वाळकी लाकडे, कंदिलाच्या काचा आणि रॉकेल. मृग लागायच्या आत हे सगळे झालेच पाहिजे. शाकारणी कोणी करायची, पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न त्या घरात कधी निघाल्याचे मला आठवत नाही. ज्याच्या डोक्यावर गळणार होते तोच छपराचा धनी होता.

भाड्याच्या घरात ही दोन माणसे वेगळी असतात. गळते एकाच्या डोक्यावर आणि छप्पर असते दुसऱ्याच्या नावावर. राहणारा म्हणतो, घर माझे नाही, मी का खर्च करू? मालक म्हणतो, मी तिथे राहत नाही, मला काय कळणार? दोघांचेही तसे चुकत नाही, आणि म्हणूनच दरवर्षी शाकारणी राहून जाते. पुढची पाने या एका गोष्टीबद्दल आहेत. छत्री, टॉर्च आणि मेणबत्त्यांच्या याद्या त्यांत आहेत, पण त्या मागाहून येतात. आधी ठरवायचे आहे ते हे, की कोणते काम कोणाचे.

मुंबईत ही फारकत किती जुनी आहे हे थोडक्यात सांगायला हवे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरांची टंचाई झाली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० ला जे भाडे होते तेच प्रमाण मानले. भाडेकरूला संरक्षण मिळाले आणि त्याची तेव्हा खरोखर गरज होती. पण भाडे गोठले तरी चुन्याचा, लाकडाचा, मजुरीचा भाव गोठला नाही. मालकाने दुरुस्तीतून हात काढून घेतला, भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या राहत गेला आणि मधल्यामध्ये इमारत म्हातारी झाली. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, भाडेकरूंकडून उपकर घेऊन सरकारने दुरुस्ती करायची असे ठरले. आरंभी अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. आज म्हाडाचे हेच मंडळ दर पावसाळ्याआधी पाहणी करते आणि अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. गिरगाव, भुलेश्वर, डोंगरी, काळबादेवी भागांत जिन्याखाली, गॅलऱ्यांखाली लावलेले लाकडी नि लोखंडी टेकू तुम्ही पाहिले असतील. आमच्या गिरगावच्या इमारतीत असे सात टेकू होते. आम्ही मुले त्यांच्याभोवती लपंडाव खेळायचो. टेकू ही तात्पुरती सोय असते, हे मला नोकरीला लागल्यावर समजले.

१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात भाडेकरूच्या हाताशी दोन चांगली कलमे आहेत आणि ती फार थोड्यांना माहीत आहेत. कलम १४ म्हणते की करारात काही वेगळे ठरले नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणे मालकाला बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. आता हिशेब करा. पागडीच्या खोलीचे भाडे महिना १५० रुपये धरले तर वर्षाचे झाले १,८००. त्याचा चौथा हिस्सा ४५०. एवढ्यात गच्चीचा कोबा राहू द्या, गवंड्याची एका दिवसाची मजुरीही सुटत नाही. हेच कलम महिना २०,००० भाड्याच्या घराला लावले तर आकडा वर्षाला ६०,००० होतो आणि त्याला अर्थ येतो. दुसरे कलम २९. मालकाला योग्य कारणाशिवाय अत्यावश्यक सेवा तोडता येत नाहीत, आणि त्या सेवांत पाणी आणि विजेबरोबर जिन्यातले व बोळातले दिवे आणि लिफ्ट यांचीही नावे आहेत. वादळी रात्री आजारी माणसाला तीन मजले खाली आणायची वेळ ज्याच्यावर आली आहे त्याला जिन्यातल्या दिव्याची किंमत वेगळी सांगायला नको.

इमारत रिकामी करण्याची नोटीस आली तरी लोक का जात नाहीत, यावर वर्तमानपत्रांतून दरवर्षी आश्चर्य व्यक्त होते. मला त्याचे आश्चर्य वाटत नाही. आम्हालाही एकदा नोटीस आली होती आणि माझे वडील हलले नाहीत. संक्रमण शिबिरात गेलेली माणसे वीस-वीस वर्षे परत आली नाहीत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. छत पडण्याची भीती होतीच, पण ताबा जाण्याची भीती तिच्याहून मोठी होती. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली, तेव्हा दोन दिवसांपूर्वीच मुंबईवर प्रचंड पाऊस होऊन गेला होता. ती इमारत रिकामी करण्याची सूचना आधीच झालेली होती. काही कुटुंबे गेली होती, काही मागे राहिली होती. ३३ जण दगावले. म्हणून पुस्तिकेत एक अख्खे प्रकरण कागदांचे आहे: भाडेपावत्या, वीजबिल, रेशनकार्ड, जागेच्या मोजमापाची पालिकेकडील नोंद, या सगळ्यांच्या प्रती घराबाहेर कुठे आणि कशा ठेवायच्या. हक्काचा कागद सुरक्षित असेल तर माणूस धोक्याच्या घरातून पाय उचलतो.

आता नव्या भाडेकरूकडे येतो. पागडीवाला निदान इमारतीतला जुना माणूस असतो. अकरा महिन्यांच्या करारावरचा भाडेकरू इमारतीत राहूनही तिथला नसतो. सोसायटीच्या सभेला तो नसतो आणि व्हॉट्सअॅपच्या गटातही नसतो, कारण गट 'ओनर्स'चा असतो. उद्या भरतीच्या वेळी पार्किंगमध्ये पाणी येण्याची शक्यता आहे, गाड्या वर काढाव्यात, हा निरोप नाशिकला राहणाऱ्या मालकाला पोचतो. गाडी ज्याची बुडणार आहे तो शांत झोपलेला असतो. करारनाम्याचेही तेच. मी स्वतः केलेले आणि मित्रांकडून मागून घेतलेले असे बावीस करारनामे वाचले. अनामत रक्कम, नोटिशीचा काळ, पोटभाडेकरू, भिंतीला खिळे ठोकायचे की नाही, सगळे होते. पाऊस हा शब्द एकातही नव्हता. कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलामुलींची स्थिती याहून नाजूक. एका फ्लॅटमध्ये आठ जण, एक दार, खिडक्यांना बाहेरून बंद ग्रिल. त्या ग्रिलच्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, हे आठांतल्या एकालाही सांगता येत नाही.

विजेविषयी जास्त लिहावे लागले आहे. वारा आणि पाणी माणसाला दिसतात, त्यांच्यापासून तो आपोआप दूर होतो. वीज दिसत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच वेळी कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नव्हता. मी कुर्ल्याला होतो. मीटरचा बोर्ड जिन्याखाली, कंबरेएवढ्या उंचीवर. पाणी त्याच्या वर गेले तेव्हा पुरवठा बंद झालेला होता म्हणून आम्ही वाचलो. आम्ही वरच्या मजल्यावर गेलो, तीन रात्री तिथे काढल्या. खरी चूक झाली ती पाणी उतरल्यावर. वीज परत आली ती आमच्या ओल्या बोर्डांत आली. कोणी तपासले नव्हते, तपासायचे असते हे माहीत नव्हते आणि मालकाशी तर बोलणेच झाले नव्हते. शेजारच्या खोलीत बटण दाबताच जाळ झाला, शेजाऱ्याचा हात कोपरापर्यंत भाजला. पुराने त्याला काही केले नव्हते. २५ जुलै २०२४ च्या पहाटे पुण्यात डेक्कनजवळ पुलाची वाडी इथे पाण्यात शिरलेली खाद्यपदार्थांची गाडी हलवायला गेलेल्या तिघांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. पाण्यात उभे राहून कशालाही हात लावायचा नाही, हे वाक्य या पुस्तिकेत चार ठिकाणी आले आहे. मुद्रितशोधकाने तीन ठिकाणचे काढायला सांगितले होते. मी ते काढले नाही.

या बाबतीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे ज्याला सगळे ईएलसीबी म्हणतात ते उपकरण. वीज गळून शरीरातून किंवा ओल्या भिंतीतून जाऊ लागली की ३० मिलिअँपिअरला ते पुरवठा तोडते, तोही डोळ्याचे पाते लवायच्या आत. त्यावर 'टेस्ट' असे लिहिलेले एक बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबायचे. वीज गेली तर उपकरण चालू आहे, नाही गेली तर वायरमन बोलवायचा. जुन्या इमारतींत हे उपकरण मुळातच नसते, असले तर 'सारखे पडते' म्हणून कोणीतरी बाजूने वायर टाकून निकामी केलेले असते. सारखे पडते म्हणजे कुठेतरी गळते आहे, एवढाच त्याचा अर्थ. दुसरी गोष्ट इन्व्हर्टरची. मेन स्विच बंद केला की घरातली वीज गेली, असे आपण धरून चालतो. इन्व्हर्टर असेल तर ती जात नाही; दिवे-पंख्यांच्या तारांत बॅटरीची वीज खेळत राहते. घरात पाणी शिरू लागले तर मेनबरोबर इन्व्हर्टरही बंद करायचा. आणि छोटा जनरेटर भाड्याने आणून त्याची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसण्याचा जो प्रकार चालतो तो कोणीही करू नये. ती वीज उलटी बाहेरच्या तारेत जाते आणि खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव घेते.

पाऊसवारा नसतानाही अंधार होतो, हे १२ ऑक्टोबर २०२० ने दाखवले. सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास पारेषण वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. कोविडचा काळ, माणसे घरात बसून कामे करत होती. कुठे दोन-तीन तासांत वीज आली, कुठे रात्र झाली. उंच इमारतींतल्या लोकांना त्या दिवशी एक नवा धडा मिळाला: वीज गेली की पाणीही जाते. पालिकेचे पाणी जमिनीखालच्या टाकीपर्यंतच येते, तिथून गच्चीवर ते पंप चढवतो. माणशी रोज १३५ लिटर हा आपल्याकडचा पाण्याचा हिशेब धरला तर चौघांच्या घराला दिवसाला ५४० लिटर लागतात. गच्चीवरची टाकी रिकामी झाली की चौदाव्या मजल्यावरच्या घरात संडासाला ओतायलाही बादलीभर पाणी उरत नाही. लिफ्ट अडकली तर काय, हा प्रश्न सगळे विचारतात. वीज जाताच लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी बॅटरीची सोय असते. ती आपल्या इमारतीत आहे का आणि तिची बॅटरी शेवटची कधी बदलली, हे विचारणारा भाडेकरू मला अजून भेटायचा आहे.

वीज किती वेळ नसेल, यावर तयारीचे स्वरूप ठरते. चार तासांची तयारी वेगळी, चार दिवसांची वेगळी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड भागांत विजेचे खांब रांगेने आडवे झाले आणि कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे अंधारात काढावे लागले. मोबाइलचे मनोरे बंद, म्हणजे निरोपही बंद. अशा वेळी इन्व्हर्टर पहिल्या रात्रीच संपतो. १२ व्होल्टच्या १५० अँपिअर-अवर बॅटरीवर दोन साधे पंखे आणि तीन एलईडी दिवे लावले तर सहा-सात तास निघतात, तेही बॅटरी नवी असेल आणि तिच्यात डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घातलेले असेल तर. घरात इन्सुलिन घेणारे, नेब्युलायझर किंवा ऑक्सिजनचे यंत्र लागणारे माणूस असेल तर हे तास आधी मोजून ठेवायला हवेत. चालू वापरातले इन्सुलिन साधारण चार आठवडे घरातल्या थंड जागी टिकते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माठाजवळ ठेवण्याची खेड्यातली रीत शहाणपणाची आहे. यंत्रावर अवलंबून असलेल्या माणसाची नोंद मालकाकडे, सोसायटीच्या सेक्रेटरीकडे आणि निदान एका शेजाऱ्याकडे असावी. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

पूर ओसरल्यावर भाडेकरूला दुसरा एक पूर गाठतो, तो कागदांचा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तळमजल्यावरच्या खोल्या आठवडाभर पाण्याखाली होत्या. अशा वेळी भिंत मालकाची बुडते, पण गादी, शिलाई यंत्र, मुलांची पुस्तके, धान्याचे डबे बुडतात ते भाडेकरूचे. पंचनाम्याला आलेला माणूस घर कोणाच्या नावावर आहे ते विचारतो. त्या वेळी हातात पावती नसेल, नोंदवलेला करार नसेल, तर आपण तिथे राहत होतो हे सांगायला चिखलाशिवाय पुरावा उरत नाही. कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. भाडेकरूने त्याचा आग्रह धरावा. घरातल्या सामानाचा विमा भाडेकरूलाही काढता येतो, हेही अनेकांना ठाऊक नसते. एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' या नावाने सगळ्या विमा कंपन्यांकडे एकसारखी पॉलिसी आहे, आणि तीत घराशिवाय नुसत्या सामानालाही संरक्षण मिळते.

पुस्तिकेची रचना कॅलेंडरप्रमाणे केली आहे. पहिला भाग चैत्र-वैशाखाचा, म्हणजे मालकाच्या कामांचा: गच्चीचा उतार आणि पन्हळी, भिंतीच्या फटीत रुजलेला पिंपळ, सैल पत्रे, आवारातल्या झाडांची परवानगी घेऊन केलेली छाटणी, मीटरच्या खोलीची उंची, अर्थिंग, टाक्यांची झाकणे, आणि इमारत ३० वर्षांची झाली असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट. दुसरा भाग मृगाच्या आधीच्या आठवड्याचा, भाडेकरूच्या कामांचा. तिसरा इशाऱ्याचा. हवामान खाते पिवळा, नारिंगी, लाल असे रंग देते. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे मुसळधार, ११५.६ च्या पुढे अतिमुसळधार आणि २०४.५ च्या पुढे अत्यंत मुसळधार असा त्यांचा हिशेब आहे. कोणत्या रंगाला आपल्या इमारतीत कोणी काय करायचे, याचा तक्ता तिथे आहे. मुंबईकरांनी त्याच्या शेजारी साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस लिहून ठेवावेत. चौथा भाग अंधाराचा, पाचवा पाणी उतरल्यानंतरचा. ओल्या वायरिंगची परवानाधारक माणसाकडून तपासणी, टाकी धुऊन क्लोरीन टाकणे, साचलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोसाठी डॉक्टरांना विचारणे, हे सारे तिथे सापडेल.

प्रत्येक कामापुढे तीन रकाने आहेत: मालक, भाडेकरू, इमारत. खुणा करताना मी एक साधा नियम पाळला. भिंतीच्या आत आणि छपरात जे आहे ते मालकाचे. रोजच्या हाताळणीत जे आहे ते भाडेकरूचे. जिना, गच्ची, पंप, मीटरची खोली हे इमारतीचे. हा नियम कायद्याच्या पुस्तकातला नाही. तुमच्या घरी तो बसत नसेल तर खोडा, दोघांनी बसून दुसरा लिहा आणि कराराला जोडा. वाद व्हायचे असतील तर ते वैशाखात झालेले बरे. आषाढातल्या रात्री अडीच वाजता भिंत ओली झाल्यावर फोनवर होणाऱ्या वादातून काहीच निघत नाही.

या पुस्तिकेच्या मर्यादा सांगणे माझे काम आहे. इंजिनिअरने तडा पाहून जे सांगायचे ते पुस्तक सांगू शकत नाही. दुसरे, मुंबई-पुण्यात भाड्याने राहणाऱ्यांचा एक मोठा भाग झोपडपट्टीतल्या वरच्या खोल्यांत राहतो. लोखंडी शिडी, पत्र्याचे छप्पर, शेजारून ओढलेली वीज आणि कागद कसलाच नाही. त्यांना कलम १४ सांगणे ही थट्टा होईल. त्यांच्यासाठी शेवटी आठ पाने वेगळी काढली आहेत. त्यांत हक्कांविषयी काही नाही. रात्री झोपताना कोणत्या भिंतीपासून दूर झोपावे आणि पाऊस वाढला की कोणत्या शाळेत जावे, एवढेच आहे. ही पाने अपुरी आहेत, याची मला जाणीव आहे.

मजकूर एका वायरमनने, एका सिव्हिल इंजिनिअर बाईंनी आणि दोन सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी तपासून दिला. नावे छापू नका, नाहीतर रात्री-अपरात्री फोन येतील, असे चौघांनीही सांगितले. डोंबिवलीच्या त्या मुलीने पहिला खर्डा वाचला आणि समासात लिहिले, "काका, मालकांसाठीचं प्रकरण आधी घ्या." ते तसे घेतले आहे. तुटलेली फळी तिच्या अनामत रकमेतून मी कापली नव्हती, हेही इथे नमूद करतो.

पुस्तिकेचे शेवटचे पान कोरे आहे. त्यावर सहा ओळी आखल्या आहेत: मेन स्विच कुठे आहे, इन्व्हर्टरचा स्विच कुठे आहे, पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, गच्चीची किल्ली कोणाकडे आहे, वायरमनचा नंबर, आणि मालक फोन उचलत नसेल तर कोणाला विचारायचे. सातवी ओळ छापून दिली आहे: आणीबाणीसाठी ११२, मुंबई महापालिकेचा आपत्ती कक्ष १९१६, विजेच्या तक्रारीसाठी १९१२. मालकाने आणि भाडेकरूने घरात एकत्र उभे राहून हे पान भरावे, फाडावे आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावे. दहा मिनिटांचे काम आहे. मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागते.